‘टोचणार नाही’ म्हटल्यानंतर: चार वर्षांच्या मुलीला अचानक दाखल करावं लागलं, त्याचा प्रकरण अभ्यास

कुटुंब

रुग्ण चार वर्षांची मुलगी. घरात आई, बाबा, आठ वर्षांचा भाऊ आणि बाबांची आई. आईबाबा दोघंही नोकरी करणारे. मुलीला आधी कधी दाखल करावं लागलं नव्हतं. लसी आणि सर्दीतापापलीकडे दवाखान्याशी तिची ओळख नव्हती. या लेखात तिला ‘धाकटी’ म्हटलं आहे आणि भावाला ‘दादा’. बालविभागात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या प्रसंगांतून हे प्रकरण बांधलेलं आहे, त्यामुळे त्यात कुणा एका कुटुंबाची ओळख शोधू नये. आजाराची आणि उपचारांची माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे.

वैद्यकीय बाजूने पाहिलं तर ही केस चांगली गेली. निदान वेळेत झालं, औषध वेळेत मिळालं. तरीही त्या दिवसांत हे कुटुंब पार विस्कटलं होतं, आणि त्यात आजाराचा वाटा होता तसा न सांगितलेल्या गोष्टींचाही होता. मुलांपासून एखादी गोष्ट लपवली तर तिची जागा रिकामी राहत नाही. मुलं ती स्वतःच्या तर्काने भरून काढतात, आणि तो तर्क बहुतेक वेळा खऱ्या गोष्टीपेक्षा भयंकर असतो. या प्रकरणात हे एकदा नाही, चार ठिकाणी घडलं.

आजार कसा कळला

पहिले दोन दिवस नुसता ताप होता. औषध दिलं की थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळे लाल झाले, पण चिपडं नव्हती. चौथ्या दिवशी अंगावर पुरळ उठलं. पाचव्या दिवशी ओठ लालबुंद होऊन फुटले, जीभ लाल आणि खरखरीत दिसू लागली, हातापायांना सूज आली आणि धाकटीने चालायला नकार दिला. कुणी हात लावला तरी ती किंचाळायची. संध्याकाळी तिला दाखल केलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाव सांगितलं: कावासाकी आजार. जपानमधले बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी 1967 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. यात शरीरातल्या मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांना दाह होतो, आणि खरी काळजी असते ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालचे असतात. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. एकाकडून दुसऱ्याला तो लागत नाही. ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं ठामपणे सांगणारी एखादी रक्ततपासणीही नाही. किमान पाच दिवसांचा ताप आणि डोळे, तोंड, पुरळ, हातपाय, मानेतली गाठ या पाच खुणांपैकी चार दिसल्या की निदान पक्कं होतं. खुणा एकेक करून येतात. म्हणून तिसऱ्या दिवशी पाहिलेल्या डॉक्टरांना साधा विषाणूताप वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

उपचार म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. दात्यांच्या रक्तद्रव्यातून काढलेली ही प्रतिपिंडं शिरेतून दहा-बारा तास हळूहळू दिली जातात. प्रमाण किलोमागे दोन ग्रॅम, म्हणजे सोळा किलोच्या धाकटीला बत्तीस ग्रॅम. जोडीला ॲस्पिरिन. उपचार न केलेल्या साधारण चारांतल्या एका मुलाच्या हृदयवाहिनीला फुगवटा येतो. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत हे औषध दिलं तर ते प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं. धाकटीला ते सहाव्या दिवशी सुरू झालं. सहावा दिवस, म्हणजे अगदी वेळेत. हा आकडा पुढे आजीच्या संदर्भात पुन्हा येईल.

पहिली संध्याकाळ

दाखल करताना आई धाकटीला म्हणाली होती, “डॉक्टरकाका फक्त बघणार आहेत, टोचणार नाहीत. मग आपण घरी.” कोणतीही घाबरलेली आई म्हणेल तेच ती म्हणाली. मूल दारातच अडून बसू नये एवढाच तिचा हेतू होता.

पंधरा मिनिटांत धाकटी प्रोसिजर रूममध्ये पाठीवर आडवी होती. दोघांनी पाय धरले होते, एकाने खांदे, आईला बाहेर थांबायला सांगितलं होतं. हात सुजलेले असल्यामुळे शीर सापडेना. तिसऱ्या प्रयत्नात सलाईनची सुई लागली. बाहेर आणल्यावर आईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केले, तेव्हा धाकटीने तोंड फिरवलं.

त्यानंतर ती थर्मामीटरलाही रडू लागली. पांढऱ्या कपड्यातलं कुणी दारात दिसलं की पांघरुणात शिरायची. दुसऱ्या दिवशीचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मुळात न दुखणारी तपासणी आहे. तिच्यासाठी मात्र गुंगीचं औषध द्यावं लागलं, कारण छातीला ती कुणाचा स्पर्शच होऊ देईना. तिच्या कागदांवर शेरा पडला: ‘मूल सहकार्य करत नाही.’

हा शेरा मला अन्यायाचा वाटतो, आणि दोन कारणांनी. एक तर प्रचंड चिडचिड हे कावासाकीचंच लक्षण आहे. साध्या तापात मूल किरकिरतं, पण इथली चिडचिड त्यापेक्षा पुष्कळ तीव्र असते, अनुभवी बालरोगतज्ज्ञ तिच्याकडे निदानाचा धागा म्हणून पाहतात. सांधे दुखत असतात, डोळ्यांना उजेड सहन होत नाही. दुसरं असं की धाकटीने त्या संध्याकाळी जो निष्कर्ष काढला तो चार वर्षांच्या बुद्धीला साजेसा आणि पूर्ण तर्कशुद्ध होता. आई म्हणाली टोचणार नाही, आणि टोचलं. म्हणजे आई ‘काही नाही’ म्हणते तेव्हा काहीतरी असतं. आता थर्मामीटर दाखवून “काही नाही गं” म्हटल्यावर तिने तरी का विश्वास ठेवावा?

ती गप्प झाली तेव्हा

दाखल झाल्याच्या तिसऱ्या दिवशी धाकटी रडायची थांबली. भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. औषध दिलं तर गिळायची, हात मागितला तर द्यायची. वॉर्डमध्ये कुणीतरी आनंदाने म्हणालं, “बघा, आता रुळली.”

ही समजूत जुनी आहे आणि ती खोडून काढायला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक देशांच्या रुग्णालयांत आईवडिलांना मुलाला भेटायला फार थोडा वेळ मिळायचा. ते आले की मूल रडतं आणि गेले की शांत होतं, म्हणून न आलेलेच बरे, असा हिशेब होता. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीचा रुग्णालयातला आठ दिवसांचा मुक्काम चित्रित केला. ती मुलगी फारशी आरडाओरडही करत नाही. पण तिचा चेहरा दिवसागणिक विझत जातो. रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी अशा मुलांमध्ये तीन टप्पे नोंदवले: आधी विरोध, मग हताशपणा, मग तुटलेपण. बाहेरून ‘रुळणं’ दिसतं ते बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्याचं असतं. 1959 मध्ये ब्रिटनच्या प्लॅट समितीने आईवडिलांना कधीही भेटू द्यावं, लहान मुलांच्या आयांची सोबत राहण्याची सोय करावी, अशी शिफारस केली. आज बालविभागात आईची खाट मुलाशेजारी असते, त्यामागे ही सगळी धडपड आहे.

धाकटीच्या शेजारी आई होती, रात्रंदिवस होती. तरीही ती हताश झाली. शेजारी बसलेलं माणूस सांगतं ते खरं नसतं असं वाटलं, तर त्याच्या नुसत्या असण्याने मुलाला पुरेसा आधार मिळत नाही, असा मी याचा अर्थ लावते. विभागाची समुपदेशक म्हणून मला बोलावणं आलं ते इथे.

दुसरी सुई

पहिला डोस पूर्ण झाल्यावर ताप उतरला होता. आईने धाकटीला सांगून टाकलं होतं, “परवा घरी.” पण साधारण दहा ते वीस टक्के मुलांमध्ये हा ताप पुन्हा उलटतो, म्हणून औषध संपल्यानंतर निदान छत्तीस तास वाट पाहतात. धाकटीचा ताप उलटला. दुसरा डोस द्यायचा ठरलं, आणि पहिल्या सुईजवळचा हात सुजल्यामुळे नवी सुई लावणं भाग होतं. म्हणजे ‘परवा घरी’ही खोटं ठरणार होतं आणि पुन्हा टोचणारही होतं.

आईचा पहिला प्रश्न होता, “तिला झोपेत लावता येईल का? कळायलाच नको.” तिची तगमग समजण्यासारखी होती. पण झोपेत टोचलेलं मूल पुढच्या वेळी झोपायलाच घाबरतं. मी आईला विचारलं की, तिला आधीच सांगितलं तर सर्वांत वाईट काय होईल? ती म्हणाली, “रडेल.” ती तर तशीही रडणारच होती.

मग आईनेच सांगितलं, स्वतःच्या शब्दांत: “मी तुला म्हटलं होतं टोचणार नाहीत. ते चुकीचं होतं, मलाही माहीत नव्हतं. आज हाताला सुई लावायची आहे. आधी मलम लावू, त्याने कातडी बधिर होते. तरी थोडं दुखेल. तू रड, ओरडलीस तरी चालेल. फक्त हात हलवायचा नाही, तो मी धरते.” धाकटी खूप रडली. मग तिने विचारलं, “तू बाहेर जाणार?” सुईपेक्षाही तिचा मुख्य प्रश्न हाच होता, आणि तोवर तो आम्हा कुणालाच ठाऊक नव्हता.

बधिर करणाऱ्या मलमाला काम करायला साधारण तासभर लागतो. घाईच्या क्षणी कुणाकडे तो तास नसतो, पण दुसऱ्या सुईला घाई नव्हती. या वेळी तिला आडवं केलं नाही. ती आईच्या मांडीवर, आईच्या छातीला छाती लावून बसली, आणि तिचा हात आईच्या कुशीच्या बाजूने मागे सिस्टरकडे काढला. अशा बसवण्यात मूल हलू शकत नाही, तरी त्याला दाबून धरल्याची भावना येत नाही. उजवा हात की डावा, एवढी निवड तिला दिली. औषध घ्यायचं का, हे मात्र विचारलं नाही, कारण ‘नाही’ हे उत्तर आपण मान्य करणार नसू तर तो प्रश्न विचारणं हीही फसवणूकच. तिने डावा सांगितला. सुई पहिल्या प्रयत्नात लागली. हे सिस्टरचं कौशल्य, त्याचं श्रेय मलमाला किंवा मला देऊ नये. ती रडली आणि काही मिनिटांत थांबली. आणि ज्या खांद्यावर रडली तो आईचा होता.

घरी कधी जायचं, याचं उत्तरही बदललं. चार वर्षांच्या मुलाला ‘परवा’ कळत नाही, पण आश्वासन मोडलेलं नेमकं कळतं. आता आई सांगायची, “रोज सकाळी डॉक्टरकाका ताप बघतात. दोनदा झोपून उठलीस आणि ताप आला नाही, तर ते घरचं बोलतील.”

दादा

या सगळ्यात आठ वर्षांच्या दादाला काय सांगितलं होतं? “तिला थोडं बरं नाहीये” असं काहीतरी, तेही फोनवर. तो आजीजवळ होता. शहाण्यासारखा वागत होता, म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं. मग रोज सकाळी त्याचं पोट दुखू लागलं. शाळेत तो अचानक रडला. घरी त्याने आपली सर्वांत आवडती खेळणी एका पिशवीत भरून आजीला दिली: “ही तिला देऊन टाक, मला नकोत.”

बाबा त्याला घेऊन आले. मी त्याला विचारलं, “तुला काय वाटतं, तिला कशामुळे झालं असेल?” आजारी मुलाच्या भावंडांना विचारायचा हा माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न आहे, आणि तो विचारून गप्प बसायचं असतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, की ताप येण्याच्या आदल्या दिवशी खेळण्यावरून भांडण झालं होतं आणि त्याने तिला ढकललं होतं. ती हातावर पडली. आणि मग हातच सुजले.

पोटदुखी, पिशवी, रडणं, सगळ्याचा उलगडा या चार वाक्यांत झाला. जाँ पियाजे यांनी दोन ते सात वर्षांच्या मुलांची विचारपद्धती मांडताना दाखवलं, की दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या की मूल त्यांचा कार्यकारणसंबंध लावतं आणि त्याच्या मध्यभागी स्वतःला ठेवतं. आठव्या वर्षी मूल यातून बाहेर पडलेलं असतं, पण ताणाखाली पुन्हा तिथेच जातं. मोठी माणसंही जातात.

बाबांनी त्याला समोर बसवून सांगितलं: ढकलल्याने हा आजार होत नाही. कुणाच्याच वागण्याने होत नाही. तुला तिच्याकडून होणार नाही. हात सुजले ते आतल्या रक्तवाहिन्यांच्या दाहामुळे. दादाने विचारलं, “नक्की?” आणि बाबा म्हणाले, “डॉक्टरांनाच विचारू.” त्यांनी खरंच विचारलं. त्याला खोलीत नेण्याआधी काय दिसेल तेही सांगितलं: हाताला नळी आहे, ओठ सोललेले आहेत, ती कदाचित तुझ्यावर ओरडेल, ते आजारामुळे. ती ओरडलीच. पण त्याला ते अपेक्षित होतं, म्हणून तो दहा मिनिटं बसला आणि मग तिनेच त्याला खेळणं मागितलं.

मोठ्यांचं काय झालं

हा भाग थोडक्यात. राउंडच्या वेळी आई एकटी असायची. डॉक्टर म्हणाले, डाव्या वाहिनीला थोडा रुंदपणा दिसतोय, लक्ष ठेवू. झोप न झालेल्या आईला त्यातलं ‘थोडा’ ऐकू आलं. बाबांना तिने फोनवर सांगितलं. त्यांनी रात्री इंटरनेटवर वाचलं आणि त्यांना फक्त ‘हृदयविकाराचा झटका’ दिसला. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात दोघांचं भांडण झालं: तू लपवतेस, तुम्हाला काही पडलेलं नाही. दोघांकडे एकाच वाक्याचे दोन तुकडे होते. उपाय साधा निघाला. उशाशी एक वही ठेवली. सुचेल तो प्रश्न त्यात लिहायचा आणि राउंडला वाचून दाखवायचा. एका संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांना एकत्र बसवून इकोचा अहवाल समजावला. दर दुसरी रात्र बाबांची झाली. नातेवाइकांचे फोन एका मावशीकडे वळवले, कारण दिवसातून आठ वेळा तीच हकिगत सांगणं हे आईसाठी आठ वेळा पुन्हा घाबरणं होतं.

आजी मात्र बोलतच नव्हती. ताप आला तेव्हा “दोन दिवसांत उतरेल, घाई करू नका” असं म्हणणारी तीच होती. मुलाने किंवा सुनेने तिला दोष दिला नव्हता, पण दोष नाही असंही कुणी म्हणालं नव्हतं. त्या बैठकीला तिलाही बोलावलं. डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले, “आजी, दहा दिवसांच्या आत औषध लागतं. आपण सहाव्या दिवशी दिलं. दुसऱ्या दिवशी आला असता तरी आम्हाला हे ओळखता आलं नसतं.” तिने पदराने डोळे पुसले आणि सुनेला म्हणाली, “आज रात्री मी थांबते, तू घरी जाऊन नीट झोप.” सुनेने “आई, तुम्हाला जमेल?” एवढंच विचारलं आणि गेली.

घरी गेल्यावर

दुसऱ्या डोसनंतर ताप आला नाही. जाण्याआधीचा इको धाकटीने गुंगीच्या औषधाशिवाय होऊ दिला. अंधारी खोली, गार जेली, पडद्यावर हलणारं हृदय, हे सगळं बाबांनी तिला आदल्या रात्री सांगितलं होतं.

डिस्चार्जच्या वेळी कुटुंबाला औषधांबरोबर पुढे काय दिसेल तेही सांगितलं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची कातडी सोलून निघते. आधी माहीत नसेल तर आईवडील मध्यरात्री धावत येतात. माहीत असेल तर बोटं बघून ठेवतात. कमी मात्रेतलं ॲस्पिरिन सहा ते आठ आठवड्यांच्या इकोपर्यंत चालू, आणि त्या काळात फ्लू किंवा कांजिण्यांचा संपर्क आला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, कारण ॲस्पिरिन चालू असताना या विषाणूंमुळे रे सिंड्रोम नावाची यकृत आणि मेंदूची गंभीर गुंतागुंत होऊ शकते.

वागणुकीबद्दलही तसंच. अंथरूण ओलं होणं, आईला क्षणभर न सोडणं, रात्री दचकून उठणं हे काही आठवडे चालेल; रागावू नका, लाडाने बाळही करून टाकू नका, झोपेची आणि उठण्याची वेळ जुनीच ठेवा. महिन्याभरानंतरही कमी होत नसेल, किंवा मूल दवाखान्याचा विषय निघताच गोठत असेल, तर मदत घ्या. धाकटीला तीन आठवडे रात्री जाग येत होती. दिवसा ती बाहुलीला सुया टोचायची, कठोरपणे, पुन्हा पुन्हा, आणि दादा रुग्ण व्हायचा. आजीला हा खेळ अशुभ वाटला आणि तिने बाहुली लपवली. आईने ती परत दिली. मला आईचं बरोबर वाटतं: त्या खोलीत जे तिच्यावर झालं ते इथे तिच्या हातात होतं. पुढे एके दिवशी ती बाहुलीला म्हणताना ऐकू आली, “थोडं दुखेल हं. मी इथेच आहे.”

आठव्या आठवड्यातल्या इकोत डावी वाहिनी पूर्ववत दिसली.

एक गोष्ट अजून बाकी आहे. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर गोवर आणि कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी साधारण अकरा महिने पुढे ढकलतात, कारण शरीरात आलेली परकी प्रतिपिंडं त्या लसीला कामच करू देत नाहीत. म्हणजे वर्षभराने धाकटीला पुन्हा सुई आहे. तिला ते कधी सांगायचं यावर आईबाबांचं एकमत नव्हतं. आईला आठवडाभर आधी सांगायचं होतं, बाबांना दवाखान्याच्या दारात. दादाच्या वयाच्या मुलाला काही दिवस आधी कळलेलं बरं, त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. पाच वर्षांच्या मुलीला मात्र आठवडाभर वाट पाहणं हेच ओझं होतं, आणि दारात सांगणं म्हणजे पुन्हा पहिली संध्याकाळ. आदल्या दिवशी दुपारी, ती खेळत असताना सांगायचं, आणि रात्री झोपण्याआधी तिने विचारलं तर पुन्हा सांगायचं, असं ठरलं.